ओट्याशी उभं राहून स्वतःकडे पाहताना

साधना, आत्मनिरीक्षण, अंतर्मुख होणं असं काही म्हटलं की बहुतेकांना घरापासून लांबची जागा आठवते. आश्रम, डोंगर, नदीचा काठ, निदान दार लावता येईल अशी एखादी खोली. माझ्याकडे तशी खोली नाही. नाशिकला सिडकोतल्या आमच्या घरात सासूबाई, नवरा, दोन मुलं आणि मी राहतो. स्वयंपाकघराला दार नाही आणि हॉलमधला टीव्ही रात्रीची जेवणं होईपर्यंत चालू असतो. या घरात राहून, नोकरी करत, मी काही वर्षं स्वतःकडे पाहण्याचा अभ्यास करते आहे. त्यातून माझी एक खात्री झाली. स्वतःला पाहायला घरासारखी दुसरी जागा नाही. बाहेर आपण सांभाळून बोलतो, सांभाळून हसतो. आपण खरे कसे आहोत ते घरातल्या माणसांनाच माहीत असतं. जे हाती लागलं ते क्रमाने लिहिते.

१. राग आधी शरीरात येतो, मग जिभेवर

मनाकडे पाहा असं सांगितलं की माणूस विचारांच्या मागे लागतो, आणि विचार काही हाती लागत नाहीत. शरीर मात्र हाती लागतं. मला राग येऊ लागला की आधी दातावर दात दाबले जातात. मग मान आखडते. श्वास छातीतच वरच्या वर फिरायला लागतो. हातातली वस्तू गरजेपेक्षा जोरात धरली जाते. लाटणं असेल तर पोळी एका बाजूने पातळ होऊन फाटते, पळी असेल तर ती कढईच्या काठावर आपटते. घरातल्यांना हे माझ्या आधी कळायचं. भांड्यांचा आवाज वाढला की मुलं दप्तर उचलून आतल्या खोलीत जायची.

आता तो आवाज मी स्वतः ऐकते. ताट जोरात ठेवलं गेलं की हात थांबवायचा, ओट्याला टेकायचं आणि तीन-चार श्वास येताना-जाताना नुसते बघायचे. मुद्दाम लांब करायचे नाहीत, मोजायचे नाहीत. कुकरची शिट्टी व्हायलाही याहून जास्त वेळ लागतो. राग दर वेळी जातो असं नाही. पण तो आलाय हे जीभ सुटण्याआधी कळतं, आणि घरातली निम्मी भांडणं एवढ्यावरच टळतात.

२. शिकायला शिबिर, अभ्यासाला घर

नाशिकहून इगतपुरी तासाभरावर. तिथल्या धम्मगिरीत १९७६ पासून विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरं होतात. पहाटे चारला घंटा, मोबाइल सुरुवातीलाच जमा, दहाव्या दिवसापर्यंत मौन. पहिले तीन दिवस नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा, त्यानंतर अंगभर उमटणाऱ्या संवेदना. गुडघा दुखला तर लगेच पाय पसरायचा नाही, आधी ते दुखणं पाहायचं. फी नसते. आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर सगळं चालतं. स्वतःचं मन इतक्या जवळून मी तिथे पहिल्यांदा पाहिलं आणि त्याबद्दल माझ्या मनात फार कृतज्ञता आहे.

तिथून परतलेल्या पुष्कळांचं सारखंच होतं. चार दिवस घर हलकं वाटतं. मग सिलिंडर संपतो, भांडीवाल्या मावशी न सांगता दांडी मारतात, मुलाच्या शाळेतून फोन येतो, आणि वाटतं की सगळं पाण्यात गेलं. गेलेलं काहीच नसतं. शिबिरात आपल्याला कोणी काही विचारत नाही, जेवण आयतं मिळतं, कोणाला उत्तरं द्यायची नसतात. तिथे फक्त शिकायचं असतं. शिकलेलं वापरायची वेळ घराचा उंबरठा ओलांडून आत आल्यावर सुरू होते.

आणि ही वाट काही फक्त संन्याशांनीच दाखवलेली नाही. विपश्यना भारतात परत आणणारे सत्यनारायण गोएंका हे मंडालेत जन्मलेले व्यापारी, भरल्या कुटुंबातले गृहस्थ. १९६९ मध्ये ते बर्मातून भारतात आले. पुढे त्यांच्या पत्नी इलायचीदेवीही त्यांच्यासोबत शिकवायला बसत. गोएंकांचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे बर्मा सरकारचे महालेखापाल होते. जमाखर्चाच्या कचेरीचा कारभार सांभाळून ते ध्यान शिकवत. आपल्या मातीतली माणसं आठवली तरी तेच दिसतं. एकनाथ पैठणला संसार करत होते. तुकोबांच्या मागे देहूचं दुकान आणि घर होतं. समर्थ स्वतः संसारात पडले नाहीत, तरी दासबोधात त्यांनी लोकांना प्रपंच टाकायला सांगितलं नाही, नीट करायला सांगितलं. त्यामुळे ‘संसारात कुठे जमतंय हे सगळं’ असं कोणी म्हणालं की मला ते पटत नाही.

शिबिराहून आल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा असं सांगतात. मला सकाळी अर्धा तास मिळतो. तेवढ्यात मी समाधानी आहे.

३. आपले तोल जाण्याचे तास ओळखावेत

प्रत्येक घराचे असे तास ठरलेले असतात. आमच्याकडे सकाळी डबे भरायची वेळ आणि संध्याकाळी कामावरून आल्यावरचा पाऊण तास. भूक लागलेली, पाय दुखत असतात, आणि दारातच कोणीतरी तक्रार घेऊन उभं असतं. मी आता आल्या आल्या हात-पाय धुऊन आधी चार शेंगदाणे किंवा पोळीचा तुकडा खाते आणि मगच बोलते. यात अध्यात्म काहीच नाही, पण उपाशीपोटी आत्मनिरीक्षण होत नाही हे मला पक्कं माहीत झालंय.

४. तीन रकान्यांची वही

शाळेतली जुनी दोनशेपानी वही मी घेतली. पानावर उभ्या दोन रेघा ओढल्या की तीन रकाने होतात. काय घडलं, मी मनात काय म्हणाले, आणि मग मी काय केलं.

एक नोंद जशीच्या तशी सांगते. पहिल्या रकान्यात: ‘हे म्हणाले, भाजीत मीठ कमी आहे.’ तिसऱ्या रकान्यात: ‘मी ताट तसंच ठेवून उठले, रात्रभर बोलले नाही.’ हे दोन रकाने लिहायला वेळ लागला नाही. मधला रकाना मात्र बराच वेळ कोरा राहिला. मग एकेक वाक्य आलं. ‘मी दिवसभर राबते आणि यांना फक्त मीठ दिसतं.’ ‘माझ्या कष्टांची या घरात किंमत नाही.’ ‘यांच्या आईच्या हातचं कधी कमी नसायचं, हेच म्हणायचंय यांना.’ वाचताना माझ्या लक्षात आलं की नवरा फक्त पहिल्या रकान्यातलं वाक्य बोलला होता. बाकीची तीन माझी होती. मी रागावले होते ती त्या तीन वाक्यांवर. आणि मीठ तर खरंच कमी होतं.

हे तंत्र माझं नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचाराचा हा गाभा आहे. घटना आपल्याला सरळ दुखावत नाही, घटनेबद्दल आपण स्वतःला जे सांगतो ते दुखावतं. एलिस यांनी हा विचार एपिक्टेटस या गुलामगिरीतून वर आलेल्या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाकडून घेतल्याचं मोकळेपणाने सांगितलं आहे. मराठी माणसापर्यंत तो आणण्यात मुंबईचे कि. मो. फडके आणि ठाण्याचे डॉ. आनंद नाडकर्णी यांचा वाटा मोठा. मानसोपचार म्हटलं की आपल्याकडे अजूनही लोक दचकतात, पण ही वही लिहायला कोणी आजारी असावं लागत नाही.

वही लिहून झाली की कपाटात ठेवावी. ती दाखवायला लिहायची नसते. कोणी वाचणार असेल तर आपण आपोआप शहाण्यासारखं लिहू लागतो.

५. हा आरसा दुसऱ्यासमोर धरू नये

नव्याने शिकलेल्या माणसाला हा मोह फार होतो. ‘बघ, तुला राग आलाय, श्वास बघ तुझा’ असं भांडणाच्या मध्यावर नवऱ्याला किंवा मुलाला सांगणं म्हणजे साधनेचं हत्यार करणं. समोरचा त्याने जास्तच पेटतो, आणि तो बरोबरच असतो. मनाच्या श्लोकांत समर्थांनी हाक मारली आहे ती मनाला. शेजाऱ्याच्या मनाला नव्हे, स्वतःच्या. दोनशे पाच श्लोक होईपर्यंत माणूस स्वतःशीच बोलत राहतो, यात मला फार मोठं शहाणपण दिसतं.

६. सासूबाईंचा प्रश्न

माझा सगळ्यात मोठा अभ्यास सासूबाईंमुळे झाला. वय ऐंशीच्या पुढे, शरीराने ठीक, पण स्मृतिभ्रंश सुरू झालेला. जुनं सगळं लख्ख आठवतं. संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की हरिपाठ पुस्तक न उघडता म्हणतात. पण दुपारी जेवलो की नाही ते आठवत नाही. आणि त्यांचा एक प्रश्न दिवसभर चालू असतो: ‘अगं, गॅस बंद केलास का?’

आधी मी उत्तर द्यायचे, ‘हो आई, केला.’ पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. ‘केला म्हटलं ना.’ पुन्हा. ‘किती वेळा सांगू?’ हे शेवटचं वाक्य तोंडातून गेलं की त्यांचा चेहरा उतरायचा. आपलं काहीतरी चुकलं एवढं त्यांना कळायचं, काय चुकलं ते कळायचं नाही. डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितलं होतं की या आजारात बोलणं विसरलं जातं, पण त्या बोलण्याने मनावर जे उमटतं ते बराच वेळ टिकू शकतं. म्हणजे मी काय म्हणाले ते त्या विसरणार, पण मी ओरडल्याचं दुखणं घेऊन संध्याकाळभर बसून राहणार.

एकदा मी ठरवलं की त्या प्रश्न विचारतील तेव्हा आपल्या आत काय होतं तेच फक्त पाहायचं. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदाही नाही. चौथ्या-पाचव्या वेळेला कपाळाच्या मध्यभागी काहीतरी ताणल्यासारखं झालं आणि मनात एक आकडा उमटला. मी मोजत होते! ‘ही पाचवी वेळ’ असं कोणीतरी आतून सांगत होतं. त्या क्षणी मला जे दिसलं ते आजवरच्या कुठल्याही प्रवचनातून दिसलं नव्हतं. सासूबाईंच्या लेखी प्रत्येक प्रश्न पहिलाच असतो. आधीचे चार त्यांच्याकडे नाहीतच. ते फक्त माझ्याकडे साठलेले असतात, आणि माझी चिडचिड या साठ्यातून येते. या एका प्रश्नात चिडण्यासारखं काहीच नसतं.

तेव्हापासून मोजणं सुरू झालेलं दिसलं की मी ते तिथेच सोडते. आणि उत्तरही बदललं. ‘हो आई, केला, चला बघू या’ म्हणून त्यांचा हात धरून ओट्यापाशी नेते. त्या शेगडीचं बटण स्वतः चाचपून पाहतात, मान हलवतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान येतं ते खरं असतं. कधी त्या तिथेच थांबून सांगू लागतात. त्यांच्या लहानपणी शेजारच्या घरात स्टोव्हचा भडका उडाला होता. ही गोष्ट घरात कोणालाच माहीत नव्हती. इतकी वर्षं त्या प्रश्नामागे एक घाबरलेली लहान मुलगी उभी होती आणि आम्ही सगळे तिला ‘किती वेळा सांगायचं’ म्हणत होतो.

थकलेल्या दिवशी अजूनही माझा आवाज चढतो. पण मला आता ही सेवा ओझं वाटत नाही, आणि हे मी मनापासून लिहिते आहे.

७. मौन पाळावं, अबोला धरू नये

बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. अबोल्यात तोंड बंद असतं आणि आत भांडण मोठ्याने चालू असतं. समोरच्याने यावं, विचारावं, माफी मागावी याची आपण वाट पाहत असतो. गांधीजी सोमवारी मौन पाळत, पण त्या दिवशीही चिठ्ठ्या लिहून लोकांची कामं करत. ते कोणावर रुसलेले नसत. आमच्या घरी आता एक साधा नियम आहे. ज्याला गप्प बसायचं असेल त्याने तसं सांगावं: ‘मला अर्धा तास बोलायचं नाही, नंतर बोलू.’ एवढ्या एका वाक्याने बाकीच्यांच्या जिवाला लागलेला घोर जातो.

८. मुलांवरच्या रागाखाली बहुतेक वेळा भीती असते

थोरल्याची दहावीची पूर्वपरीक्षा झाली, गणिताचा पेपर हातात आला. लाल शाईतला आकडा पाहून माझ्या जिभेवर शब्द तयार होते. पण तोवर थोडी सवय लागली होती म्हणून आधी शरीराकडे गेले. दात दाबलेले नव्हते. पोटात खड्डा पडला होता. राग आला की माझ्या पोटात काही होत नाही, भीती वाटली की होतं. मग कळलं की मी घाबरले आहे. याचं पुढे काय होणार, नातेवाईक काय म्हणतील, आम्ही नसल्यावर हा काय करेल, इतक्या लांबवर मन जाऊन आलं होतं. आणि पोरगा समोर नुसता उभा होता.

मी त्याला म्हणाले, ‘मला भीती वाटतेय रे.’ तो जरा वेळाने म्हणाला, ‘मलाही.’ मग आम्ही दोघं पेपर घेऊन बसलो. भूमितीची प्रमेयं त्याला येत होती, बीजगणितात चिन्हं चुकत होती. चिन्हं सुधारता येतात. ओरडले असते तर बोलणं बीजगणितापर्यंत पोहोचलंच नसतं.

९. स्वतःला पाहणं म्हणजे सोसणं नव्हे

हे मला सगळ्यात ठासून लिहायचं आहे. आपल्याकडे बाईला ‘तू आधी स्वतःकडे बघ, तू शांत राहा’ असं सांगायची जुनी खोड आहे. आत्मनिरीक्षणाच्या नावाखाली तेच नव्याने सांगितलं जात असेल तर ते मला मान्य नाही. मी वही लिहीत गेले तशी एक गोष्ट पुनःपुन्हा दिसली. मधल्या रकान्यातली सगळी वाक्यं काही खोटी नव्हती. ‘मी दिवसभर राबते’ हे वाक्य खरं होतं. त्यावर श्वास पाहून उपयोग नव्हता, कामं वाटून घ्यायला हवी होती. मी शांतपणे, भांडीकुंडी न आपटता, जेवणाच्या वेळी हा विषय काढला. आता संध्याकाळची भाजी नवरा करतो, मुलं आपापली ताटं घासतात आणि रविवारी सासूबाईंपाशी नणंद येऊन बसते. राग निवल्यावर बोलल्यामुळे माझी मागणी त्यांना मागणी म्हणून ऐकू आली.

जिथे मारहाण आहे, अपमान आहे, पैशाची कोंडी आहे, तिथे आधी मदत घ्यावी, ध्यान नंतर. घरगुती हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे, महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. मन सारखं उदास असेल, झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर वहीत डोकं घालून बसू नये. सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. गंभीर मानसिक आजार असलेल्यांना विपश्यनेचं शिबिरसुद्धा घाईने करू देत नाहीत. स्वतःला पाहायला आधी पायाखाली जमीन लागते.

१०. वाढ कशी ओळखायची

राग येणं बंद झालं का, असं मला विचारतात. नाही झालं. पूर्वी सकाळच्या बोलण्याचा राग रात्रीपर्यंत पुरायचा, आता बहुधा चहापर्यंत ओसरतो. भांडण झालं तर आधी कोण बोलणार याची वाट पाहिली जात नाही. मुलं स्वयंपाकघरात येऊन ओट्यावर बसतात आणि शाळेतलं सांगतात. ध्यानात काय दिसलं यापेक्षा या खुणांवर माझा जास्त विश्वास आहे, कारण त्या मी ठरवत नाही, घरातले ठरवतात.

हे लिहिणं बहुतेक बायकाच वाचतील असं मला वाटतं, कारण घरातल्या शांततेची जबाबदारी आपण त्यांच्यावरच टाकलेली आहे. म्हणून घरातल्या पुरुषांना एक मनापासून विनंती आहे. आज रात्री जेवणं झाल्यावर एक जुनी वही काढा, दोन रेघा ओढा, आणि दिवसभरात घरच्या माणसांवर आवाज चढला असेल तर तो एक प्रसंग लिहा. मधला रकाना भरल्याशिवाय उठू नका.